समाजमाध्यमे : सोय आणि सदसद्विवेक

(रत्नागिरी येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



दूरच्या निरोपाचे मोल कोकणच्या माणसाला शिकवावे लागत नाही. घरातील कर्ता पुरुष नोकरीसाठी मुंबईस जावा आणि घर मागे गावी राहावे, ही रत्नागिरी जिल्ह्याची कित्येक पिढ्यांची रीत आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. या आकड्यामागे प्रामुख्याने हेच स्थलांतर आहे. गावी राहिलेली माणसे आणि गिरणगावातील खोलीत दिवस काढणारा चाकरमानी यांना जोडणारा दुवा म्हणजे पोस्टमन. त्याच्या पिशवीतून मनीऑर्डर येई आणि तिच्या कुपनावर खुशालीच्या चार ओळी येत. ज्यांना अक्षरओळख नसे त्यांना त्या ओळी पोस्टमन किंवा शाळेचे गुरुजी वाचून दाखवीत. निरोप कोणाचा, कोठून आला आणि तो खरा की खोटा याविषयी सहसा शंका नसे. कारण पत्रावर नाव असे, टपालाचा शिक्का असे आणि अक्षर ओळखीचे असे.

आज तो निरोप हातातल्या मोबाईलवर येतो. आठवड्याने येणारे पत्र आता क्षणात येते, आणि त्यासोबत आवाज व चेहराही येतो. सोय मोठी झाली यात शंका नाही. परंतु या नव्या निरोपावर शिक्का नसतो आणि मूळ लेखकाचे अक्षरही नसते. समाजमाध्यमांच्या दैनंदिन वापराचा विचार करताना हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. पुढील विवेचनाचा सारा रोख त्याच्यावरच आहे.

दोन मते

या विषयावर गावातल्या पारावर बहुधा दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, या साधनांनी माणसे बिघडली, मुले अभ्यासातून गेली, शेजाऱ्याशी बोलणे संपले. तेव्हा हे खूळ जितके दूर ठेवता येईल तितके बरे. दुसरे मत असे की, काळाबरोबर चालले पाहिजे, व्हॉट्सॲपवाचून आता घर चालत नाही की कचेरी, आणि दोष साधनाचा नसून वापरणाऱ्याचा असतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि दोन्हींमध्ये उणीवही आहे. पहिले मत सोयीकडे डोळेझाक करते. दुसरे मत वापरणाऱ्यावर दोष टाकून मोकळे होते, पण वापरणाऱ्याने नेमके काय करावे हे मात्र सांगत नाही.

या साधनांचा प्रसार किती झपाट्याने झाला, हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. फेसबुकचा जन्म २००४ चा, व्हॉट्सॲपचा २००९ चा. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि ही साधने शहराची वेस ओलांडून वाडीवस्तीपर्यंत पोचली. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार भारतात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी, यूट्यूबचे सुमारे ४५ कोटी, तर फेसबुकचे ४१ कोटी वापरकर्ते होते. टपाल, तार आणि दूरध्वनी यांना खेड्यात रुजायला कित्येक दशके लागली. समाजात त्यांच्या वापराचे संकेतही त्या अवधीत तयार झाले. दुसऱ्याचे पत्र फोडू नये, तार आली तर आधी शेजाऱ्याला बोलावून धीराने वाचावी, हे कोणी कायद्याने शिकविले नव्हते. नव्या साधनांना असा अवधी मिळाला नाही. साधन आधी आले. संकेत अद्याप यावयाचे आहेत.

सोयीची बाजू

सोयीची उदाहरणे शोधण्यास रत्नागिरीबाहेर जाण्याचे कारण नाही. गावाच्या मुंबईतील ग्रामस्थ मंडळाची सभा पूर्वी महिनोन्महिने ठरत नसे. आज शिमग्याची पालखी, गणपतीची गाडी आणि देवळाची वर्गणी यांचा विचारविनिमय एका गटावर घरबसल्या होतो. आजारी आईचे औषध कोणते हे मुंबईतील मुलाला छायाचित्रावरून कळते.

आंबा बागायतदारांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, हापूसच्या ऐन हंगामात, टाळेबंदी लागू होती आणि नेहमीची बाजारपेठ विस्कळीत झाली होती. त्या वेळी कित्येक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांशी समाजमाध्यमांवरून थेट संधान बांधले आणि पेट्या ग्राहकांच्या दारी पोचविल्या. दलालावाचूनही ग्राहक मिळू शकतो, हा अनुभव त्या हंगामाने दिला. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अस्सल हापूसची ओळख ग्राहकाला पटविण्यास उत्पादकाच्या हाती असे थेट माध्यम असणे ही लहान गोष्ट नव्हे. मसाले, कोकम सरबत आणि आंबापोळी करणाऱ्या महिला बचत गटांनाही याच वाटेने गिऱ्हाईक मिळते.

संकटकाळीही हे साधन उपयोगी पडते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर वेढले. तेव्हा परगावी असलेल्या नातलगांनी अडकलेल्या माणसांची ठिकाणे समाजमाध्यमांवरून कळविली. पाणी ओसरल्यावर कोठे पाणी हवे, कोठे कपडे, कोठे स्वच्छतेसाठी हात हवेत, हेही त्याच वाटेने राज्यभर पोचले.

परंतु याच ठिकाणी मर्यादाही दिसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. त्याचा तडाखा दापोली आणि मंडणगड तालुक्यांनाही बसला. विजेचे खांब पडले, मोबाईलचे मनोरे बंद झाले आणि अनेक गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. ज्या दिवशी निरोपाची गरज सर्वांत मोठी, त्याच दिवशी हे साधन मुके झाले. म्हणून ज्या गावाने दवंडी, देवळाची घंटा, भोंगा आणि घरोघर निरोप देणारी माणसे ही जुनी व्यवस्था मोडीत काढली, ते गाव आपत्तीच्या दृष्टीने दुबळे झाले असे समजावे. नवे साधन जुन्याच्या जोडीला असावे, त्याच्या जागी नव्हे.

राईनपाड्याचा धडा

आता दुसरी बाजू. ती सांगताना मन जड होते, तरीही ती पंचायत सदस्यांसमोर सांगितलीच पाहिजे.

१ जुलै २०१८ चा तो रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण भिक्षेसाठी तेथे आले होते. मुले पळविणारी टोळी परिसरात फिरत असल्याचे संदेश त्या सुमारास मोबाईलवरून पसरले होते. अनोळखी चेहरे पाहून संशय आला, गर्दी जमली आणि मारहाण सुरू झाली. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले. तेथेही जमाव शिरला. पाचही जण मारले गेले. त्यांतील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. पोटासाठी ते घरापासून दूर आलेले होते.

ज्या खोलीत गावाचा कारभार चालतो, जेथे जन्ममृत्यूची नोंद होते, त्याच खोलीत हे घडले. टोळी नव्हती. मूल पळविले गेले नव्हते. होता तो केवळ एक संदेश.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात पाकिस्तानातील कराची येथे तयार झाली होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना जागे करण्यासाठी ती काढली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मुलाला उचलतात आणि थोड्याच वेळात त्याला परत आणून सोडतात, सावधगिरीचा फलक दाखवितात, असा तिचा शेवट होता. कोणी तरी तो शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा खरी घटना म्हणून लक्षावधी घरांत पोचला. लोकांच्या हितासाठी काढलेली फीत अशा रीतीने अनोळखी माणसांच्या जिवावर उठली.

यावर असे म्हटले जाते की, अडाणी माणसे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतात. हे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. असे संदेश शिकलेल्या घरांतूनही पुढे जातात. कारण उघड आहे. संदेश परक्याकडून येत नाही. तो मामाकडून येतो, वर्गमित्राकडून येतो, शेजारणीकडून येतो. देणारा ओळखीचा असल्यामुळे त्याच्यावरील विश्वास नकळत संदेशाला चिकटतो. वस्तुतः त्या देणाऱ्यालाही मूळ लेखक ठाऊक नसतो. अशा रीतीने प्रत्येक हात संदेशाला आपली पत उसनी देतो आणि दहाव्या हातात पोचेपर्यंत खोटे नाणे चोख वाटू लागते. त्यात ‘सावध राहा’ असे शब्द असले की पुढे पाठविणे हेच कर्तव्य वाटते. राईनपाड्याचा संदेश पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू मुलांच्या रक्षणाचाच असणार. हेतू चांगला होता. परिणाम पाच मृत्यू झाला.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे बंधन आले. हे उपाय उपयुक्त खरे. परंतु यंत्राने घातलेला बांध माणसाचा विवेक निर्माण करू शकत नाही. त्याच एप्रिलच्या १६ तारखेच्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. त्याही परिसरात चोरांच्या आणि मुले पळविणाऱ्यांच्या अफवा आधीपासून पसरल्या होत्या.

पाठविणारा हाही प्रकाशकच

मराठी वृत्तपत्राचा इतिहास याच भूमीतील एका पुत्रापासून सुरू होतो. बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ल्याचे. ते गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असले, तरी १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. पुढे वृत्तपत्रांत एक संकेत रूढ झाला. जे छापायचे त्याखाली छापणाऱ्याचे नाव असावयाचे. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छापखाना कोठे, हे प्रत्येक अंकावर छापण्याचा पुढे कायदाच झाला. मजकूर चुकला तर कोणाला जाब विचारावयाचा हे वाचकाला ठाऊक असे.

आज ज्याच्या हाती मोबाईल आहे तो प्रत्येक जण प्रकाशक झाला आहे; मात्र अंकावर नाव छापण्याची सवय त्याला लागलेली नाही. ‘मी लिहिले नाही, नुसते पुढे पाठविले’ हा बचाव सर्रास ऐकू येतो. तो नीतीच्या कसोटीवर टिकत नाही, आणि कायद्याच्या कसोटीवरही प्रत्येक वेळी टिकेल असे नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये, समाजात भय किंवा वैर निर्माण करण्याच्या हेतूने खोटी माहिती वा अफवा रचणाऱ्याबरोबरच ती प्रसृत करणाऱ्याचाही उल्लेख आहे. इलेक्ट्रॉनिक साधनांनी केलेल्या प्रसाराचाही त्यात स्पष्ट समावेश आहे.

याचा अर्थ असा नव्हे की, शासनाने प्रत्येकाच्या मुखावर हात ठेवावा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका साध्या मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यावर देशभर चर्चा झाली. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. नागरिकाचे मत अप्रिय असले म्हणून तो गुन्हा ठरत नाही, हा त्या निर्णयाचा मथितार्थ. मत आणि अफवा यांत भेद आहे. मताला स्वातंत्र्य हवे. अफवेला आधार मागितला पाहिजे. आणि कायद्याचा हात जितका आखडता, तितकी नागरिकाच्या स्वयंशिस्तीची जबाबदारी मोठी.

कचेरी, पंचायत आणि शाळा

शासकीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही जबाबदारी दुहेरी आहे. त्यांचा शब्द लोक शासनाचा शब्द म्हणून घेतात. राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांच्या वापराबाबत मार्गदर्शक सूचना निर्गमित केल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, गोपनीय कागद प्रसृत करू नयेत, ही त्यांतील प्रमुख सूत्रे आहेत. त्या सूचनांच्या जोडीला आणखी एक संकेत कचेऱ्यांनी स्वतःहून पाळावयास हवा. रात्री अकरा वाजता गटावर टाकलेला आदेश म्हणजे पोचलेला आदेश नव्हे. तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडी सेविका यांनाही घर आहे. तातडी आणि उतावीळ यांतील फरक वरिष्ठांनी राखला, तर कनिष्ठांचे काम अधिक चांगले होते.

पंचायत सदस्यांनी ध्यानी घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. गावाचा गट म्हणजे ग्रामसभा नव्हे. गटावर ‘अंगठे’ उमटले म्हणजे ठराव संमत झाला असे मानण्याची वृत्ती वाढते आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या कित्येक वाड्यांत मोबाईलला धड रेंज मिळत नाही. धनगरवाड्यावरच्या वृद्धेकडे, कातकरी वस्तीवरच्या मजुराकडे, किंबहुना सुस्थितीतील घरच्या सुनेकडेही स्वतःचा फोन असेलच असे नाही. ज्यांच्याकडे तो नाही, नेमकी त्यांचीच पाण्याची, रेशनची, घरकुलाची अडचण मोठी असते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्याने केली ती ज्यांचा आवाज ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. ती गटावर उरकली तर तिचा प्राणच गेला. सूचना गटावर जरूर द्यावी. परंतु ती फलकावर लावावी आणि दवंडीनेही कळवावी.

शिक्षकांपुढील प्रश्न अधिक नाजूक आहे. २०२० च्या टाळेबंदीत याच मोबाईलने शाळा जिवंत ठेवली. जो फोन मुलाच्या हाती देऊ नये असे आदल्या वर्षी सांगितले जाई, तोच देण्याची विनंती पालकांना करावी लागली. नंतर शाळा उघडल्या, पण फोन मुलांच्या हातून सुटला नाही. हा प्रश्न जगभरचा आहे. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा डिसेंबर २०२५ पासून अंमलात आणला. भारतातही २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे.

पण कायद्याची वाट न पाहता एका मराठी गावाने आपला मार्ग काढला. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दीड तास दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद ठेवावयाचे. मुलांनी अभ्यास करावयाचा, मोठ्यांनी वाचावयाचे वा एकमेकांशी बोलावयाचे. या उपक्रमाचे मर्म असे की, नियम केवळ मुलांसाठी नव्हता. बाप पडद्यात डोके घालून बसला असता मुलाला पुस्तक उघड म्हणणे व्यर्थ आहे, हे त्या गावाने ओळखले.

फसवणुकीपासून सावधगिरी

ज्यांची मुले परगावी आहेत आणि खात्यात निवृत्तीची रक्कम आहे, अशा वृद्धांना आज एका नव्या भयाला तोंड द्यावे लागते. पोलीस असल्याची बतावणी करून, चित्रसंवादावर गणवेश दाखवून, ‘तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगितले जाते आणि पैसे उकळले जातात. डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही. कोणतेही पोलीस ठाणे वा न्यायालय फोनवर पैसे मागत नाही. अशी फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाटेत थांबविण्याची शक्यता अधिक. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगविला, तर त्याला खर्च थोडा आणि लाभ मोठा.

गावाला करता येण्याजोगे

प्रत्येक गावाला सहज करता येतील अशा तीन गोष्टी सांगून हे विवेचन पुरे करणे योग्य होईल. पहिली, गावाच्या गटाची जबाबदारी दोघा-तिघा विश्वासू व्यक्तींवर सोपवावी. त्यांत एक शिक्षक आणि एक महिला अवश्य असावी. भय उत्पन्न करणारा कोणताही संदेश आला तर तो पुढे पाठविण्याआधी त्यांनी पोलीस पाटलांकडे किंवा पोलीस ठाण्याकडे खातरजमा करावी, आणि खोटा ठरल्यास तसे त्याच गटावर नि:संकोच जाहीर करावे. दुसरी, शाळेत महिन्यातून एकदा तरी मुलांसमोर फिरता संदेश ठेवून तो कोणी लिहिला, केव्हाचा, कोठला, हे त्यांनाच शोधावयास लावावे. मूल ही सवय घरी नेते आणि आजोबांनाही शिकविते. तिसरी, गावात अनोळखी माणूस आला तर त्याची विचारपूस करावी, नाव-गाव विचारावे, पाणी द्यावे. ही कोकणची जुनी रीत आहे. ती जिवंत राहिली तर कोणत्याही अफवेला गावात पाय ठेवणे अवघड जाईल.

पूर्वी पोस्टमन निरक्षर माऊलीला पत्र वाचून दाखवी, तेव्हा तो एक जोखीम उचलीत असे. वाईट बातमी असली तर ती कशी सांगावी, कोणाला सोबत बोलवावे, याचा तो विचार करी. आज तेच काम प्रत्येकाच्या हाती आले आहे. राईनपाड्याच्या त्या रविवारी कोणा एकाने जरी थांबून ‘ही बातमी कोठून आली?’ असे विचारले असते, पोलिसांची गाडी येईपर्यंत पंचायतीचे दार कोणी लावून धरले असते, तर मंगळवेढ्याकडची ती माणसे घरी परतली असती. तो प्रश्न विचारणारा आणि ते दार लावून धरणारा माणूस प्रत्येक गावात असला पाहिजे. अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याकडून समाजाची ती अपेक्षा आहे.